कुंडीतलं क्रोटन: नाव एकाचं, झाड दुसऱ्याचं

मागच्या वेळी आपण मसाल्यांच्या व्यापाराबद्दल बोललो होतो. आज त्याच बेटांवरून आलेल्या, पण ज्याला कोणी कधी तराजूत घातलं नाही अशा एका झाडाबद्दल बोलायचं आहे. सभागृहात येताना पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना कुंड्या ठेवलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. लाल, पिवळी, हिरवी, ठिपक्याठिपक्यांची जाड पानं. आपण सगळेच त्याला क्रोटन म्हणतो. सोसायटीच्या फाटकापाशी, शाळेच्या आवारात, कोकणात अंगणाच्या कडेला, गोव्यात घरासमोर, सगळीकडे ते असतं. इतकं असतं की आता दिसेनासं झालंय.

पहिली गंमत अशी, की ते क्रोटन नाहीच.

खरं क्रोटन तुमच्या आजीला माहीत होतं. जमालगोटा! ज्याच्या बीचं तेल म्हणजे जहाल जुलाब. आयुर्वेदात जयपाळ म्हणतात तेच. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव क्रोटन टिग्लियम. आणि 'क्रोटन' या ग्रीक शब्दाचा अर्थ काय? गोचीड. गुरांच्या अंगावर असते ती गोचीड. बी तशी दिसते म्हणून. आपल्या एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, त्या लॅटिन शब्दाचा अर्थही गोचीडच. एरंडीची बी हातात घेऊन बघा, लगेच पटेल.

मग या रंगीत पानांच्या झाडाला गोचिडीचं नाव का? १७५३ साली लिनियसने आपल्या मोठ्या ग्रंथात जमालगोटा आणि हे झाड दोन्ही एकाच कुळीत घातली, म्हणून. फुलांच्या रचनेवरून ती जवळची वाटत होती आणि दोघांचं कुटुंबही एकच आहे, एरंडाचं. पुढे १८२४ मध्ये आद्रियां द जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने चूक दुरुस्त केली आणि या झाडाची वेगळी कुळी मांडली: कोडियम. शास्त्र सुधारलं, पण माळी, नर्सरीवाले आणि आपण सगळे जुन्या नावावरच राहिलो. आज दोनशे वर्षं झाली.

आता 'कोडियम' हा शब्द आला कुठून? इथून खरी गोष्ट सुरू होते.

आजच्या इंडोनेशियाच्या पूर्वेला मोलुक्कस नावाची बेटं आहेत. लवंग आणि जायफळ जगाला तिथून मिळालं. त्यातल्या तेर्नाते बेटावर या झाडाला 'कोडिहो' म्हणत. तो शब्द कागदावर उतरवला गेओर्ग रुम्फियस या माणसाने. मूळचा जर्मन, नोकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. १६५२ मध्ये तो कंपनीत शिरला आणि १६५४ मध्ये अंबोन बेटावर पोचला. बघा, ते १६५२ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी कंपनीने तेर्नातेच्या सुलतानाशी करार केला: वार्षिक रक्कम घ्या आणि तुमच्या मुलखातली लवंगेची झाडं तोडू द्या. लवंग फक्त कंपनीच्या ताब्यातल्या बेटांवर पिकली पाहिजे, म्हणजे भाव हातात राहतो. म्हणजे एकीकडे कंपनी झाडं तोडत होती आणि दुसरीकडे कंपनीचाच एक नोकर तिथली झाडं एकेक करून लिहून काढत होता.

या रुम्फियसच्या वाट्याला जे आलं ते ऐकून आपण गप्प होतो. १६७० मध्ये तो आंधळा झाला. १६७४ च्या भूकंपात बायको आणि एक मुलगी गेली. १६८७ मध्ये आग लागली, त्यात चित्रं जळाली. मुलाच्या आणि लेखनिकांच्या मदतीने त्याने पुन्हा काम उभं केलं. अर्धं हस्तलिखित जहाजावर चढवलं, तर १६९२ मध्ये फ्रेंचांनी ते जहाज बुडवलं. नशीब एवढंच की बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलने आधीच एक नक्कल करून ठेवली होती. सगळं पूर्ण होऊन हॉलंडला पोचलं, तर कंपनीने छापू दिलं नाही. माहिती म्हणजे व्यापाराचं गुपित! रुम्फियस १७०२ मध्ये वारला. ग्रंथ छापायला सुरुवात झाली १७४१ मध्ये. सुमारे बाराशे वनस्पतींची माहिती, आणि त्यात आपलं हे कोडिहो.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्या बाजूचा एक दाखला आहे. त्याच काळात, त्याच कंपनीचा व्हान रीड नावाचा अधिकारी कोचीनला 'हॉर्टस मलबारिकस' तयार करत होता. १६७८ पासून त्याचे बारा खंड निघाले. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याची साक्ष आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये छापलेल्या पुस्तकात आपली लिपी! ही माहिती आमच्याकडून गेली, असं सांगणारी सही तिथे आहे. आता कोडियम या नावाकडे बघा. पूर्ण शास्त्रीय नावापुढे रुम्फियसचं नाव येतं, जुस्यूचं येतं, लिनियसचं येतं. ज्या माणसाने किंवा बाईने झाडाकडे बोट दाखवून 'कोडिहो' म्हटलं, तिचं नाव येत नाही. शब्द राहिला, सांगणारं माणूस गेलं.

बरं, पुस्तकात आलं म्हणून झाड कुंडीत येत नाही. समुद्रावर सहा महिने खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई, त्यात रोपं मरायची. हा प्रश्न सुटला लंडनच्या एका डॉक्टरमुळे. नथॅनियल वॉर्ड. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोष बाटलीत बंद करून ठेवला होता. आतल्या ओल्या मातीतून नेचा उगवला आणि पाणी न घालताही जगला. पाण्याची वाफ व्हायची, काचेवर जमायची, परत मातीत. त्यावरून काचेच्या पेट्या झाल्या आणि १८३३ मध्ये दोन पेट्या सिडनीला सुखरूप गेल्या. पुढे चीनचा चहा हिंदुस्थानात आला तो याच पेट्यांतून, सिंकोनाही त्यातूनच. साम्राज्याचा अर्धा बागायती इतिहास त्या पेटीत बसतो.

दुसरं कारण कराचं. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला. काच स्वस्त झाली, श्रीमंतांच्या घरी काचघरं उभी राहिली. कोळसा जाळून आत उष्ण, दमट हवा ठेवायची, बाहेर बर्फ पडत असताना आत मोलुक्कस! अशा काचघरांना नवलाईची झाडं हवी होती. चेल्सीच्या वीच रोपवाटिकेचा तरुण वारस जॉन गूल्ड वीच १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या बेटांवर फिरला आणि तिथून क्रोटनचे कितीतरी प्रकार घेऊन आला. १८७० मध्ये क्षयाने गेला, वय अवघं एकतीस. त्या झाडांना पुढे नावं पडली ती वीचची, डिझरायलीची, राणी व्हिक्टोरियाची. पण हे रंग वीचने तयार केलेले नव्हते. बेटांवरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, फांदी खोचून, कुंपणाला आणि घराजवळ लावून ते जपले होते. जावामध्ये याला पुरिंग म्हणतात, आणि तिथे ते कबरस्तानात लावायचं झाड म्हणून ओळखलं जायचं. आपण लग्नाच्या हॉलबाहेर ठेवतो, ते तिथे मेलेल्यांच्या सोबतीला उभं असतं.

आपल्याकडे शिबपूरची बाग १७८७ ची, भायखळ्याची राणीची बाग १८६२ ची. अशा बागांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून परदेशी शोभेची झाडं बंगल्यांत शिरली, बंगल्यांतून रेल्वेच्या नि सरकारी आवारांत आणि तिथून माळ्यांच्या हातून आपल्या दारात.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास ठीक आहे, माझ्या कुंडीतली पानं का गळतात ते सांगा. अहो, तेच सांगतोय! हे झाड कुठलं, ते लक्षात ठेवलं की निगा आपोआप समजते. दमट बेटांवरचं झाड ते. म्हणून कोकणात, मुंबईत, गोव्यात ते फारसं न बघताही वाढतं. पुण्यात, नगरला, नागपूरला एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याला लाल कोळी लागते, पानं निस्तेज होतात. तेव्हा सकाळी पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, पाणी फवारा. थंडीत पारा पंधराच्या खाली गेला की कुरकुरतं. त्या दिवसांत पाणी कमी करा आणि गार वाऱ्यापासून आडोसा द्या.

रंगासाठी उजेड लागतो. बैठकीच्या कोपऱ्यात ठेवलंत तर नवीन पानं हिरवीच येणार. सकाळचं ऊन द्या. कोवळं पान हिरवं-पिवळं असतं आणि पुष्कळ जातींत वय वाढेल तसं लाल होतं, तेव्हा घाई नको. आणि जागा सारखी बदलू नका. नर्सरीतून आणल्यावर पानं गळली म्हणून झाड मेलं असं समजून फेकू नका. खोड नखाने किंचित खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे. फांदी कापताना पांढरा चीक येतो, तो त्वचेला चुरचुरतो, पोटात गेला तर त्रास होतो. अखेर जमालगोट्याचंच भावंड! लहान मुलं आणि गुरं यांच्यापासून जपा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. क्रोटनचं बी पेरलं तर आईसारखं झाड येईल याची खात्री नाही. तोच रंग हवा तर छाट कलम करा किंवा गुटी बांधा, पावसाळ्याच्या सुरुवातीला. कधी एखाद्या फांदीला अचानक वेगळीच पानं येतात, तीही फांदी लावूनच टिकते. याचा अर्थ लक्षात घ्या. तुमच्या दारातलं झाड ही कुणाच्या तरी झाडाची फांदी आहे, ते झाडही कुणाच्या तरी झाडाची फांदी होतं. मध्ये एक जरी हात सुटला असता तर तो रंग संपला असता. ही साखळी माणसांची आहे, आणि त्यातली दोन-चार सोडली तर बाकीची नावं गेली.

मागची नावं आता मिळायची नाहीत. पण पुढची आपल्या हातात आहेत. येत्या जूनमध्ये शेजारच्या काकूंकडून, गावाकडच्या मामांकडून किंवा सोसायटीच्या माळीदादांकडून फांदी आणाल, तेव्हा कुंडीवर एक चिठ्ठी लावा: कोणाकडून आणली, कुठून, कधी. कोचीनच्या त्या तीन वैद्यांनी केलं ते एवढंच होतं. हे आमच्याकडून गेलं, असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणून साडेतीनशे वर्षांनी आज मला त्यांची नावं घेता आली.

आता प्रश्न घेऊया.