शाईचा अंगठा

दस्तनोंदणीच्या कचेरीत मी कारकून होतो तेव्हा लोकांचे अंगठे धरून पॅडवर टेकवायचं काम माझ्याकडे असे. डावा अंगठा, नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळवायचा. राबून रेषा झिजलेल्या. ठसा उमटता उमटेना.

ही रीत बंगालची. 1858 मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर पंजाच उठवून घेतला, पुढे त्याने शब्द फिरवू नये म्हणून. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं दफ्तरच उघडलं. वर्गीकरणाचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, नाव मात्र त्यांच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचं, एडवर्ड हेन्रीसाहेबाचं!

2010 मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत बोटांचे ठसे घेऊन पहिले आधार क्रमांक वाटले. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं ते 2017 मध्ये. तोवर देशभरचे अंगठे जमा झाले होते.