खानदेशच्या वाटेवरील संगीत मंडळ्या

श्रोतेहो, मराठी संगीत नाटकाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा पहिल्या प्रयोगांच्या तारखा सांगतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास ‘शाकुंतल’ झाले, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, १२ मार्च १९११ रोजी मुंबईस ‘मानापमान’ लागले. तारखा खऱ्या आहेत, आणि त्या मुखोद्गत असलेले रसिक अजूनही पुष्कळ घरांत सापडतात. परंतु पहिला प्रयोग ही एका रात्रीची गोष्ट. नाटक मंडळी वर्षभर जगत असे ती गावोगावच्या मुक्कामांवर, आणि त्या मुक्कामांकडे इतिहासकाराने आगगाडीच्या खिडकीतूनच काय ते पाहिले आहे. आज मला अशाच एका मुलखाविषयी बोलावयाचे आहे. तो मुलूख म्हणजे खानदेश.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग नाशिक, मनमाड, चाळीसगाव करीत जळगावास येतो आणि पुढे भुसावळास त्याला दोन फाटे फुटतात. एक वऱ्हाडातून नागपुरास जातो; दुसरा खांडव्याकडे वळतो, आणि खांडव्याहून पूर्वी लहान रुळांच्या गाडीने इंदूर गाठता येई. १९०० च्या सुमारास तापीकाठाने सुरतेचा मार्ग पुरा झाला, तेव्हा जळगावहून अमळनेरवरून सुरत आणि तेथून बडोदे अशी पश्चिमेची वाट उघडली. चाळीसगावाहून धुळ्याचा फाटाही त्याच सुमाराचा.

आता ह्या वाटांच्या टोकांस काय होते तेही पाहा. देवलांची ‘शारदा’ १८९९ साली प्रथम रंगभूमीवर आली ती इंदुरास. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व मंडळीने प्रथम केला तो बडोद्यास. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत आणि नाटके लिहीत होते ते वऱ्हाडात, खामगावास आणि जळगाव-जामोदास. (हे जळगाव निराळे, आपल्या खानदेशी जळगावाशी त्याची गल्लत पुष्कळदा होते.) दोन संस्थानांचा राजाश्रय आणि वऱ्हाडातील नाटककार, ह्यांपैकी कोणाकडेही रेल्वेने जाण्याची एक वाट खानदेशाची माती ओलांडून जात असे. आणि नाटक मंडळी वाटेवरचे गाव फुकट ओलांडीत नसते.

मंडळी म्हणजे एक चालते कुटुंबच. नट, गायक, पेटीवाला, तबलजी, सारंगिये, रंगपटाचा माणूस, आचारी, पडदे, ट्रंका, कनाती; ह्या सर्वांचे दोन वेळचे पोट रात्रीच्या गल्ल्यावर. पावसाळ्यात एखाद्या ठिकाणी लांब मुक्काम करून नव्या नाटकाच्या तालमी घ्यावयाच्या आणि पाऊस सरला की बाहेर पडावयाचे, असा सामान्यतः क्रम असे. खानदेश हा कापसाचा मुलूख. दिवाळीनंतर कापूस बाजारात येई आणि व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागे. अशा गावी नेमके तेव्हाच खेळ लावावे, हे गणित कोणत्याही व्यवस्थापकाला शिकवावे लागत नसे.

एवढ्यावरून खानदेश हा मंडळ्यांचा गल्ला भरणारा प्रांत होता, असे म्हणून कोणी थांबेल. मला ते अपुरे वाटते, आणि त्याचे पहिले कारण जळगावचे आहे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, ह्यांच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला, आणि तेथे मेहबूबखाँ नावाच्या उस्तादांपाशी त्यांनी गाण्याचे आरंभीचे धडे घेतले. चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात येते आणि लगेच लोकमान्यांनी दिलेल्या पदवीची आख्यायिका सुरू होते. मला वाटते, त्या वाक्यापाशी जरा थांबावे. किर्लोस्करांच्या नाटकांतील पदे साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातील चाली अशा नाना ठिकाणांहून आलेली. ‘सौभद्रा’त तर ती शंभरावर आहेत. भाऊराव कोल्हटकरांनी त्यांचे सोने केले. १९०१ साली भाऊराव गेले आणि किर्लोस्कर मंडळी आवाजावाचून पोरकी झाली. १९०५ साली मिरजेस नारायणराव शकुंतलेच्या वेषात उभे राहिले, तेव्हा ती जागा भरली. परंतु भरली ती निराळ्या तऱ्हेने. ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या चाली ख्याल-ठुमरीच्या अंगाने जाणाऱ्या होत्या. असले गाणे नाटकात शिरावयाचे तर ते पेलणारा गळा हवा, आणि गळ्याला उस्तादी तालमीचे वळण लहानपणीच लागलेले हवे. त्या वळणाची पहिली रेघ जळगावास ओढली गेली. पुढे गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष आले आणि मराठी नाटकाची साथसंगत उत्तर हिंदुस्थानच्या मैफलीच्या तोलाची झाली. त्या परंपरेत जळगावचे मेहबूबखाँ हे पहिले नाव आहे, आणि त्यांच्याविषयी आपण सर्वांत कमी बोलतो.

जळगावाहून आता तापीकाठाने थाळनेरास चलू. हे शिरपूर तालुक्यातील गाव, धुळ्याच्या उत्तरेस. एके काळी फारुकी सुलतानांची ही राजधानी होती. मागाहून ती बऱ्हाणपुरास गेली. १८१८ साली इंग्रजांनी येथील किल्ला मोठ्या रक्तपाताने घेतला. अशा ह्या जुन्या गावात हरिदास रामदास लाड हे धनाढ्य गुजराती शेठ राहत. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे लग्न ह्या घराण्यात झाले. पहिल्या पत्नी नर्मदाबाई निवर्तल्यावर १९२७ साली त्यांच्या भगिनी शेवंताबाई दीनानाथांच्या घरी आल्या.

त्या काळी नटाला मुलगी देणे ही साधी गोष्ट नव्हती, हे आज तरुण श्रोत्यांना सांगावे लागते. नाटकवाल्याचे गाणे ऐकावयास माडीवरची मंडळी रात्र रात्र बसत. परंतु त्याला सोयरा करावयाची वेळ आली म्हणजे पानसुपारीचे तबक मागे सरके. दीनानाथांनी १९१८ साली किर्लोस्कर मंडळी सोडून चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे ह्यांच्यासह बळवंत संगीत मंडळी काढली होती, आणि मंडळीच्या मालकाचे वैभव हे पुढील हंगामाच्या भरवशावरचे. थाळनेरच्या शेठजींनी एक नव्हे, दोन मुली त्या भरवशावर दिल्या. हे व्यवहाराचे धाडस होते की गाण्याचे वेड, हे ज्याचे त्याने ठरवावे. ह्या घरातील आजीपासून लता मंगेशकर ह्यांनी बालपणी गुजराती गरब्याची गाणी उचलली. आजोळ खानदेशचे, भाषा गुजराती, वडील मराठी नाटकातले: असले मिश्रण घडवून आणणारी संस्था त्या काळी फिरत्या मंडळीवाचून दुसरी क्वचितच असेल.

आणि मनमाड? तसे ते नाशिक जिल्ह्यातील. परंतु मुंबईहून येणाऱ्यास खानदेशाचा उंबरठाच. लताबाईंनी पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी की, तेथे वडिलांच्या मंडळीचा ‘सौभद्रा’चा प्रयोग ठरला असता नारदाचे काम करणारा गायक आजारी पडला. प्रयोग रद्द करणे म्हणजे त्या रात्रीचे उत्पन्न बुडवणे. लहानग्या लताने आपण उभे राहू असा हट्ट धरला. पहिल्या अंकात नारद येतो तो अर्जुनाला भेटावयास, आणि अर्जुन म्हणजे दीनानाथ. वडिलांच्या कमरेएवढा नारद पाहून प्रेक्षक काय म्हणतील, ही धास्ती होतीच. पण पोरीने पद म्हटले आणि वन्स मोअर घेतला. मोठ्या शहरातील मोठ्या नाट्यगृहात असा प्रयोग कोणी होऊ दिला असता काय, ह्याची मला शंका आहे. मुक्कामाच्या गावी अडचण निभावून न्यावयाची असते, म्हणून तेथे नवा गळा पुढे येण्यास फट राहते.

हे सारे योगायोग आहेत असा आक्षेप येईल. योगायोग खरेच, पण जेथून पुष्कळांना जावे लागते तेथेच ते अधिक घडतात. जंक्शनावर ओळखीचा माणूस भेटतो त्यात नवल ते काय?

पुढचे मात्र लवकर सांगून टाकतो, कारण ते सुखाचे नाही. १९३२ नंतर मराठी बोलपट आला आणि गावोगावच्या नाट्यगृहांत पडद्याच्या जागी पांढरे कापड टांगले गेले. बळवंतच्या मंडळींनी १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट काढून पाहिला; बालगंधर्व १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. दोघांचेही मन त्यात रमले नाही आणि हातही भाजले. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ पुण्यास वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी, १९४४ साली, धुळ्यास साहित्य संमेलन भरले, आणि अध्यक्ष होते मामा वरेरकर, ज्यांचे ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ साली ललितकलादर्शाने गाजविले होते. नाटककार संमेलनाच्या व्यासपीठावर बसला होता. ज्या मंडळ्यांसाठी त्याची पिढी लिहीत आली, त्यांपैकी बहुतेकांचे रंगपट तोवर लिलावात निघाले होते.

जळगावात आज बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, आणि त्यांच्याच नावाने दरवर्षी संगीत महोत्सवही होतो. देशभरचे गवई तेथे येऊन गाऊन जातात. मेहबूबखाँ कोणत्या गल्लीत राहत आणि राजहंसांचा पोर कोणत्या वाटेने शिकावयास जाई, हे सांगणारी पाटी त्या गावात लागावी, एवढी मागणी मी खानदेशातील श्रोत्यांपुढे ठेवतो. जुन्या घरांतून कोणापाशी एखादी जाहिरात, एखादे हँडबिल, हिशेबाच्या वहीतील तिकिटाचा खर्च असे काही निघाले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला दाखवावे.