अधिछात्रवृत्ती, पदवी पातळीवरील

घरात उच्च शिक्षणाची परंपरा नसलेले, पण पुढे प्राध्यापक वा संशोधक होऊ शकतील असे विद्यार्थी पदवीच्या वर्गातच हेरून त्यांना दिलेले साहाय्य. शिष्यवृत्तीने फी भागते. अधिछात्रवृत्तीत मार्गदर्शक अध्यापक, सुटीतले संशोधन आणि पीएच.डी.च्या दारापर्यंतची सोबतही येते.

अमेरिकेतील मेलन-मेज अधिछात्रवृत्ती (1988) हा याचा ठळक नमुना. साधारणतः दुसऱ्या वर्षी निवड होते आणि पुढची दोन वर्षे मार्गदर्शक लाभतो, पीएच.डी.ला गेल्यास शैक्षणिक कर्ज फेडायलाही हातभार मिळतो. तिच्या नावातले बेंजामिन मेज हे मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष.

आपल्याकडे मराठवाड्यात या नावाची योजना नव्हती, तरी हे काम झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून होतीच. महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात तिला वसतिगृह आणि अध्यापकांचा सहवास यांची जोड मिळाली. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात इथलेच विद्यार्थी; जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर ते 2006 ते 2011 विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. कागदावरच्या कोणत्याही योजनेपेक्षा हा नमुना अधिक पुरा म्हणावा लागेल.

आजच्या योजना तुटक आहेत. केंद्राच्या ‘इन्स्पायर’मध्ये वर्षाला 80 हजार रुपये मिळतात, त्यांतले 20 हजार उन्हाळी प्रकल्पासाठी, पण ती मूलभूत विज्ञानांपुरती आणि मुख्यतः बारावीतल्या वरच्या एक टक्क्यासाठी. 1999 ची किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना 2022 मध्ये तिच्यातच विलीन झाली. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण त्या पीएच.डी.च्या टप्प्यावरच्या.

त्यामुळे पिशोरहून (ता. कन्नड) इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीच्या वाट्याला येते ते महाडीबीटी हे राज्याचे शिष्यवृत्ती-संकेतस्थळ: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. संशोधनाचा विषय कसा निवडावा, हे बहुधा तिला एम.ए. संपून ‘पेट’चा (पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरतानाच कोणी विचारते. खरी गळती त्याआधीच होऊन गेलेली असते. नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचे चौथे वर्ष आले आहे; पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात.