कात्रजच्या ताटात किती गावं

पेठेतल्या जुन्या उपाहारगृहाच्या पाटीवर बहुधा मालकाचं आडनाव असतं, कात्रजच्या पाट्यांवर जिल्हा असतो. स्वारगेटहून साताऱ्याकडे निघालेला रस्ता आठेक किलोमीटरवर घाटाच्या पायथ्याशी पोचतो. तिथल्या चौकात आणि कोंढव्याकडे, आंबेगावाकडे फुटणाऱ्या रस्त्यांवर कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा मिळतो. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळते, खानदेशी शेवभाजी मिळते, किनारी कर्नाटकातला डोसा मिळतो. हैदराबादी म्हणवणारी बिर्याणी आहे आणि तिच्या शेजारी मोमोची वाफाळती गाडी. इतक्या ठिकाणची चव या एका कोपऱ्यात कशी जमली, याचं उत्तर स्वयंपाक्यांपेक्षा गिऱ्हाइकांकडे जास्त सापडतं. इथलं पहिलं गिऱ्हाईक हौशी नव्हतं. त्याच्याकडे चूल नव्हती, एवढंच.

पुणे शहराला कात्रज आधी ठाऊक झालं ते पाण्यासाठी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या आसपास, इथे तलाव बांधून दगडी बांधणीच्या भूमिगत नळाने पाणी शहरात नेलं गेलं. वाटेत ठरावीक अंतरावर हवा सुटण्यासाठी उच्छ्वास ठेवले होते. शनिवारवाड्याची कारंजी आणि पेठांमधले हौद याच पाण्यावर चालत. कोणत्या हौदाला कोणी हात लावायचा हे मात्र जातीवर ठरे. म्हणूनच महात्मा फुल्यांनी १८६८मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा ती मोठी घटना ठरली. पाण्याची ही गत, तर शिजवलेल्या अन्नाचं काय सांगावं? प्रवासी शिधा बरोबर बांधून घेई आणि धर्मशाळेत किंवा झाडाखाली तीन दगड मांडून स्वतःचं स्वतः शिजवून खाई. परक्याच्या हातचं विकत घेऊन जेवणं ही गैरसोय नव्हे, बाटण्याची भीती होती.

ती भीती किती खरी होती, हे ऑक्टोबर १८९०मध्ये दिसलं. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातल्या बड्या मंडळींना नेलं आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी प्यायले, कोणी नुसते पेल्याला हात लावून बसले. पुढे ‘पुणे वैभव’ पत्राने हजर असलेल्यांची नावंच छापली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, आणि अखेर न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. टिळकही त्या यादीत होते. एका कप चहाने शहराचं सार्वजनिक जीवन दोन वर्षं ढवळून निघालं! लष्कर भागात, म्हणजे कॅम्पात, तेव्हा निराळं जग होतं, पारशी दोराबजींचं दुकान १८७८पासून चालू होतं. पण पेठेतला माणूस तिकडे उघडपणे जेवायला जात नसे.

कात्रजचा रस्ता पुढे जिथे जातो, त्या कोल्हापुरात १९२०च्या सुमारास याच्या नेमकं उलट घडलं. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. त्यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि फेरफटक्याला निघाल्यावर ते मुद्दाम तिथे थांबून चहा पिऊ लागले, बरोबरच्यांनाही पाजू लागले. ‘सत्यसुधारक’ हे त्या हॉटेलचं नाव. महाराष्ट्रातल्या बाहेरच्या खाण्याचा इतिहास लिहायचा, तर पंचहौद आणि सत्यसुधारक ही दोन चहाची ठिकाणं ओलांडून जाता येत नाही.

पेठांमध्ये बदल घडवला तो विद्यार्थ्यांनी. शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मुलं वाढली, घरं तेवढीच राहिली आणि खाणावळी उघडल्या. टिळक रस्त्यावरची ‘बादशाही’ १९३०च्या दशकातली. त्याच दशकात, १९३५ साली, डेक्कनवर इराण्याचं ‘गुडलक’ आणि लक्ष्मी रस्त्यावर चित्रपट निर्माते नानासाहेब सरपोतदारांचं ‘पूना गेस्ट हाऊस’ सुरू झालं. पन्नाशीच्या दशकात जगन्नाथ शेट्टींच्या ‘वैशाली’ने फर्ग्युसन रस्त्यावर दाक्षिणात्य नाश्त्याची सवय लावली. या सगळ्या काळात कात्रज शहराबाहेरचं गाव होतं. तिथे थांबायचं ते घाट चढण्याआधी बैलांना किंवा इंजिनाला पाणी पाजायला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्याचा नकाशा बदलला. पूरग्रस्तांच्या वसाहती सहकारनगरसारख्या भागांत उभ्या राहिल्या, आणि शहर सातारा रस्त्याच्या दिशेने सरकू लागलं. जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६०मध्ये स्थापन झाला होता. त्याच्या डेअरीमुळे ‘कात्रज’ हे नाव दुधाच्या पिशवीवरून घराघरांत गेलं. कित्येक पुणेकरांना घाट माहीत होण्याआधी तिथलं श्रीखंड माहीत झालं असेल.

पण ताटं वाढली ती भारती विद्यापीठामुळे. सांगली जिल्ह्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४मध्ये काढलेली ही संस्था पुढे धनकवडी-कात्रजच्या माळावर पसरली. १९८३मध्ये स्थापन झालेलं पीआयसीटी हे अभियांत्रिकी महाविद्यालयही याच भागातलं. सांगली-साताऱ्याची मुलं आलीच, मागोमाग मराठवाडा, विदर्भ, बिहार आणि ईशान्येकडच्या राज्यांतलीही आली. त्यांच्यासाठी घराघरांतून मेस निघाल्या. मेस ही वार लावण्याच्या प्रथेची रोखीतली वारसदार. फरक एवढाच की आता आडनाव विचारलं जात नाही, आगाऊ पैसे विचारले जातात.

या मेसचं व्यवहारशास्त्र मजेदार आहे. महिन्याचं कार्ड काढायचं, त्यावर रोज खूण व्हायची. दोन भाज्या, पोळ्या, आमटी-भात. पाहुण्याचं ताट वेगळ्या पैशांचं. गावी जायचं तर आधी सांगायचं, नाहीतर खाडे धरले जात नाहीत. रविवारी दुपारी गोडाधोडाची ‘फीस्ट’ आणि संध्याकाळी मेस बंद. या एका सुट्टीने चौकातल्या चायनीजच्या गाड्यांना, अंडाभुर्जीला, डोशाच्या हॉटेलांना आठवड्याची सर्वांत मोठी गर्दी मिळवून दिली. मेस चालवणाऱ्या बाईला एक संध्याकाळ हवी होती म्हणून दुसऱ्यांचा धंदा फुलला, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. चव जुळवण्याचं कामही मेसनेच केलं. विदर्भातल्या मुलाला आमटीतला गूळ खटके, बिहारच्या मुलाला भात कमी पडे. मग तिखट वाढे, गूळ आटे, आणि कधी शेजारीच त्या मुलाच्या गावाकडचा कोणीतरी लिट्टी-चोख्याची गाडी लावी.

शहरात कष्टकऱ्यांसाठी हेच काम हमाल पंचायतीने १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ काढून केलं होतं. बाबा आढावांच्या पुढाकाराने निघालेल्या त्या केंद्रात हमाल आणि रिक्षावाले स्वस्तात जेवत. कात्रजच्या मेसना अशी चळवळीची बैठक नव्हती, पण गिऱ्हाईक त्याच जातकुळीचं: दिवसभर बाहेर आणि घर लांब.

विद्यार्थ्यांखेरीज गिऱ्हाइकांची दुसरी धार घाटाची. शिवाजी महाराजांनी शिंगांना पलिते बांधलेले बैल या बाजूला पिटाळून मोगलांना चकवल्याची कथा घाटाला चिकटलेली आहे. ट्रकवाल्यांना मात्र घाटाने चकवलं नाही, जेवू घातलं. चढाआधी आणि उतारानंतर थांबणं भागच होतं, म्हणून दोन्ही अंगांना ढाबे आणि मटण-भाकरीची हॉटेलं उगवली. अळणी, सुक्कं, रस्सा, ज्वारी की बाजरी, असे मोजके प्रश्न आणि लगेच ताट. इथलं कॅलेंडर भिंतीवरचं नसून जिभेचं असतं. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेकांचे वर्ज्य, संकष्टीला खुर्च्या मोकळ्या, श्रावणात शाकाहारी थाळीचा फलक, आणि आषाढाच्या शेवटी गटारीला पाय ठेवायला जागा नाही.

कुटुंबं या टेबलांवर उशिरा आली. १९९७मध्ये कात्रज महापालिकेत आलं. १९९९मध्ये पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय इथे हललं आणि रविवारी वाघ बघायला आलेल्या पोराबाळांना भूक लागू लागली. डिसेंबर २००६मध्ये स्वारगेट-कात्रज बीआरटी बससेवा सुरू झाली, सोसायट्या वाढल्या, आणि ‘फॅमिली रूम’ची पाटी लागली. ती पाटी आधीच्या गिऱ्हाइकाबद्दल बरंच सांगून जाते. बाईमाणसाने हॉटेलात निवांत बसावं, यासाठी आधी पडदा लावावा लागला आणि मग हळूहळू पडदा निघाला.

नव्या बोगद्याने महामार्गाची अवजड वाहतूक बाह्यवळणावर वळवली, तेव्हा जुन्या घाटातल्या थांब्यांची हक्काची गर्दी तुटली. मेसही जागच्या जागी राहिल्या नाहीत. भाडी वाढली तशी मुलं आंबेगाव-नऱ्ह्याकडे सरकली आणि त्यांच्यामागे पोळ्या लाटणाऱ्या बायकाही. आंबेगाव २०१७मध्ये महापालिकेत आलं, तोवर तिथल्या गल्ल्यांत डब्यांची ने-आण नेहमीची झाली होती. आणि ज्या कात्रजकडे घाट उतरून भुकेला प्रवासी यायचा, तिथलीच आताची घरं शनिवार-रविवारी गाडी काढतात, घाट चढतात आणि पलीकडे खेड शिवापूरला मटण थाळीसाठी नंबर लावून उभी राहतात. त्यांच्या घरी गॅसही असतो आणि फ्रीजमध्ये कात्रजचं दहीही.