बुळकांडी : पुण्यातून सुरू झालेला एक शोध

पशुवैद्याचा रोगी बोलत नाही. त्यातून साथ आली तर एका जनावरापुरते पाहून भागत नाही, साऱ्या गावाचे गोठे सांभाळावे लागतात. हे काम किती चिकाटीचे असते, ते बुळकांडीच्या इतिहासात दिसते.

ताप, तोंडात व्रण, हगवण आणि काही दिवसांत मृत्यू अशी ही गुरांची साथ. बैल मेले की शेती थांबे. गुरांच्या अशा रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. पण घातक जंतूंवरचे प्रयोग भरवस्तीत करणे धोक्याचे. म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंमधील एकाकी, थंड मुक्तेश्वरला हलवली.

रोगाचे कारण तेव्हा ठाऊक नव्हते. जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही ते पार होते, हे १९०२ मध्ये इस्तंबूलला सिद्ध झाले. तो विषाणू होता! १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स यांनी तो एका शेळीतून दुसरीत असा शेकडो वेळा वाढवला. गुरांसाठी तो सौम्य झाला, प्रतिकारशक्ती मात्र देत राहिला. हीच लस झाली. पुढे याहून सुरक्षित लस आली.

१९५४ पासून भारतभर लसीकरणाची मोहीम चालली. पशुवैद्य गावोगाव हिंडले. १९९५ नंतर देशात बुळकांडी आढळली नाही. २०११ मध्ये जगातूनच तिचे निर्मूलन जाहीर झाले. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

पशुवैद्य होऊन काय मिळते, असे विद्यार्थ्यांनी विचारले, तर ही हकिगत जरूर सांगावी.