शिकागोची रेडिओशाळा

करोनाच्या साथीने मास्तरांच्या हाती खडूऐवजी मोबाइल दिला, असे म्हणून आपण सारे श्रेय २०२० सालाला देऊन मोकळे होतो. पण रोगाच्या भयाने शाळा यंत्रात शिरली ती कितीतरी आधी!

१९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओची साथ होती. आईबाप धास्तावले, शाळा उघडणे लांबले. तेव्हा तेथील शाळांचे प्रमुख विल्यम जॉन्सन यांनी तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांना रेडिओवरून शिकवायचे ठरविले. सहा रेडिओकेंद्रांनी वेळ दिला. वेळापत्रक नि प्रश्न वर्तमानपत्रांत छापून येत. पाठ पंधरा मिनिटांचा. आता, नुसती हजेरी घेण्यातच ज्याची दहा मिनिटे जातात, त्या माझ्यासारख्याला हे पंधरा मिनिटांचे प्रकरण चांगलेच कळते! शंका आल्यास टेलिफोन करण्याची सोय होती. पहिल्याच दिवशी हजारावर टेलिफोन आले आणि जादा शिक्षक बसवावे लागले.

पण ज्या घरी रेडिओच नव्हता, किंवा होता पण नुसता खरखरत होता, तेथील मुलांनी काय करावे? पाठ फार भरभर जातो, अशीही तक्रार होती. रेडिओतल्या मास्तरांना ‘गुरुजी, पुन्हा सांगा’ म्हणता येत नाही. तीन आठवड्यांच्या आत शाळा उघडल्या.

२०२० त आपल्याकडे सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. माझ्या वर्गातील काही घरी मोबाइल एकच, तोही बापाबरोबर कामावर जाणारा. त्या मुलांची शाळा दिवेलागणीनंतर भरे.