पाचशे पौंड गवताची मजुरी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेतमजुरांच्या किमान वेतनाची हकिगत सांगणारे बहुधा १९४८ च्या कायद्यापासून सुरुवात करतात. मी तीन वर्षे मागे जातो. १९४५ साली डहाणू भागातल्या वारल्यांनी गवत कापायला नकार दिला. मागणी साधी होती : पाचशे पौंड गवत कापले की अडीच रुपये. दिवस कधी उगवला नि कधी मावळला हे जमीनदार ठरवणार. गवताचे वजन मात्र काट्यावर दिसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी नेमका मापावर बोट ठेवला, याचे मला फार अप्रूप वाटते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. तरी संप मोडला नाही. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सारा लढा आला आहे.

पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४६ मध्ये, मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला मार्च १९४८ मध्ये. कायद्याला एक परिशिष्ट होते. पहिल्या भागात विडी, तेलगिरण्या, दगडफोड असे उद्योग. दुसऱ्या भागात एकटी शेती. उद्योगांचे दर ठरवायला सरकारांना दोन वर्षे दिली, शेतीला तीन. ही तीन वर्षे संपली तरी काम झाले नाही, तेव्हा कायदाच दुरुस्त करून मुदत वाढवली, आणि तीही एकदाच नव्हे. शिवाय शेतीपुरते सबंध राज्याऐवजी एखाद्याच भागासाठी दर ठरवण्याची मुभा होती. ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याचे पान सर्वांत शेवटी!

महाराष्ट्रात या प्रश्नाला धार आली ती १९७२ च्या दुष्काळाने. वि. स. पागे यांच्या समितीने शेतमजुरीच्या किमान दरांचा विचार केला. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ओळखले जातात तेच हे पागे. हमीच्या कामावर पुन्हा मापच आले. माती किती खणली ते मोजायचे आणि त्यावर मजुरी. खडकाळ रानात दिवसभर पहार मारणाऱ्या बाईच्या वाट्याला मापात किती कमी येते, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

दर कमी मिळाला तर दाद मागता येई, पण सहा महिन्यांच्या आत. मजुराकडे ना पावती ना हजेरी. मालक गावातलाच, उद्या त्याच्याच बांधावर उभे राहायचे. तालुक्याला जाऊन अर्ज करणार कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. उद्योगांचे परिशिष्ट गेले. किमान वेतन सर्वच कामांना लागू झाले. दाव्याची मुदत तीन वर्षांची झाली आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आली. माझ्या मते यातले सर्वांत मोलाचे हेच. मात्र शेतीकामाला पाचापर्यंतच माणसे लावणाऱ्याला नोंदवहीची सक्ती नाही. निरीक्षकाने मागितला, तर त्याने मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवायचा.